गडग्यावर

सावंतवाडीच्या लॅबमधला कागद
चार घड्या घालून मी ब्लाऊजमध्ये ठेवला,
गल्ल्याच्या किल्लीशेजारी.
सहा पूर्णांक एक.
डॉक्टरीण म्हणाली, मधुमेह अजून झालेला नाही,
पण कालिंदीबाई, तुम्ही गडग्यावर बसलाय.
कुठल्या बाजूला उतरायचं ते बघा.

गडगा मला ठाऊक आहे.
चिऱ्यांचा, शेवाळलेला, मधलाच एखादा दगड हलणारा.
त्यावर माणूस चढतो
तो पलीकडचे आंबे मोजायला.

आईच्या वेळी कागद नव्हता.
मोरीत मुंग्यांची रांग लागली,
तेव्हा आम्हाला कळलं.
चार वर्षं ती मुंग्यांवर राख टाकत राहिली,
बोलली नाही कुणाशी.
पाचव्या वर्षी पायाचा अंगठा गेला.

माझा धंदा खाज्याचा.
तेवीस वर्षं, कार्तिकातल्या पहिल्या जत्रेपासून
शिमग्यापर्यंत, गावोगाव.
गूळ उकळतो, आलं पडतं,
आणि उलथन्याच्या टोकावरचा थेंब
बोटावरून जिभेवर.
किती थेंब झाले असतील?
किलोचा भाव काढताना मी गूळ धरला,
बेसन, तेल, लाकडं, टेम्पोचं भाडं,
लवूची हजेरीसुद्धा धरली.
जीभ धरली नाही.

आमच्या शिरोड्यात मिठागरं.
चैत्रात मिठाच्या राशी लागतात,
दुरून साखरेसारख्या.
लहानपणी मी एकदा फसले होते, मूठभर तोंडात घातलं होतं.
आता उलटं फसायचा सराव करते आहे.

सकाळी नाचणीची आंबील, ताक घालून.
दुपारी भाकरी, कुळथाची पिठी, एखादा बांगडा.
आणि भात एक वाटी.
वाटी मुलीने आणून दिली,
भातुकलीतली वाटावी एवढी.
ती मी समोर ठेवते, पण हात लावत नाही.
आधी बाकीचं सगळं.
दशावतारातला राजा कसा उशिरा येतो,
तसा माझा भात येतो
आणि दोन वाक्यं बोलून आत जातो.

जेवल्यावर खाडीपर्यंत चालते.
शेजारची पार्वती विचारते, "खंय गो चल्लंस उन्हाची?"
"साखर सांडूक."
तिला वाटतं, चेष्टा.

मे महिन्यात भावाने मानकुरादची टोपली पाठवली.
एक फोड खाल्ली. बाठा चाटला नाही.
दुसऱ्या दिवशी चाटला,
मागच्या दारी, उभ्याने, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर.
हे डॉक्टरणीला सांगितलेलं नाही.

मग कार्तिक आला.
पाक चाखायला लवूला सांगितलं.
तंबाखूने त्याची जीभ कातडं झालेली.
कच्च्या पाकाला म्हणतो, "बरा आसा."
करपल्या पाकाला म्हणतो, "बरा आसा."
एक घाणा वाया गेला.
मग मी बशीत पाणी घेतलं, थेंब सोडला,
गोळी धरते का पाहिलं.
बोटांत तार ओढली.
आणि कान दिला.
पाक आधी नुसता बडबडतो,
मग जड होतो, एकेक शब्द बोलू लागतो.
तेवीस वर्षं कढईपाशी बसून
मी हे ऐकलं नव्हतं.
तोंड भरलेलं होतं ना.

पहाटे तीनला देवळापुढे राक्षस पडला,
पेटी वाजली, माणसं उठून स्टॉलकडे आली.
एक म्हातारी म्हणाली, "गोड आसा मा?"
मी म्हटलं, "लोक म्हणतत."
ती हसली. अर्धा किलो घेतलं.

उजाडताना बादलीत हात बुडवले.
बोटांवरचा गूळ सुटायला वेळ लागतो,
तोवर मी बोटांकडे पाहिलं नाही.
पाणी वडाच्या मुळाशी ओतलं.
लवू टेम्पोत कढई चढवत होता, हाका मारत होता.
मी थांबले जरा,
मुंग्या कुठून येतात ते बघत.